अर्धा फेरा जास्त

माझ्या भावाला अख्खा बाजार मामा म्हणतो. खरं तर त्याला भाची एकच, माझी मुलगी. ती लहानपणी गॅरेजच्या दारात उभी राहून दिवसभर 'मामा, मामा' करायची. ते ऐकून ड्रायव्हर म्हणायला लागले, मग चहावाला, मग समोरच्या बँकेतले साहेबसुद्धा. साठीला आलेला पहिलवान नावाचा ड्रायव्हर येऊन अगदी लाडात सांगायचा, "मामा, माझ्या गाडीकडे बघा ना जरा." मी म्हणायचे, "अरे, जगाचा मामा होऊन काय मिळणार आहे? लग्न कर, कुणाचा तरी बाप हो." तो हसायचा आणि गाडीखाली सरकायचा. उत्तर द्यायचं नसलं की गाडीखाली सरकायचं, ही त्याची जन्माची खोड.

मी त्याची थोरली बहीण. गॅरेजच्या काउंटरवर बसायचे. फोन घ्यायचा, कुठली गाडी कशासाठी आली ते लिहून ठेवायचं आणि उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरांना फैलावर घ्यायचं, हे माझं काम. तोंडाने मी फटकळ आहे, ते कुणी नव्याने सांगायला नको. मामा अगदी उलटा. त्याच्या तोंडून शब्द काढणं गंजलेला नट काढण्यापेक्षा अवघड. आई म्हणायची, देवाने दोघांची जीभ एकटीलाच दिली.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. पुढे सिमेंटचा उतरता ओटा, त्यावर गाड्या धुवायच्या. आत भिंतीवर पाने टांगलेले, आणि प्रत्येक पान्यामागे त्याचा आकार काळ्या रंगाने काढलेला, म्हणजे एक जरी जागेवर नसला तरी लगेच कळावं. असा हा टापटिपीचा माणूस. त्याच्या हातून चूक होईल असं मला कधी वाटलंच नाही, आणि वाटलं असतं तरी मी ते त्याच्या तोंडावर बोलून मोकळी झाले असते.

तेरा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. आमच्या घाटाच्या माथ्यावर दगडाची खाण आहे. तिथून पिकअप भरून खाली यायचं, खडी फोडायच्या क्रशरवर माल ओतायचा, परत वर, असं दिवसातून पाच वेळा. अकरा किलोमीटरचा उतार, चौदा वळणं. पायातला ब्रेक दाबून दाबून तापला आणि नवव्या वळणावर पेडल नुसतं आत गेलं, गाडी काही थांबली नाही. मामाने स्वतःच्या हाताने पत्रा कापून आपल्या दाजींना बाहेर काढलं. त्यानंतर आठ दिवस तो धड जेवला नाही. नवव्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन कुठल्याशा मोठ्या शहरात निघून गेला आणि दोन महिन्यांनी परत आला तो एक्झॉस्ट ब्रेक बसवायला शिकून.

हे प्रकरण काय आहे ते मी त्याच्याकडून शंभर वेळा ऐकलंय, म्हणून सांगते. डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत एक झडप बसवतात. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की झडप मिटते, धूर आतच कोंडतो, इंजिन गुदमरतं आणि गाडी आपोआप संथ होते. पायातला ब्रेक गार राहतो, ऐन वेळेला उपयोगी पडतो. "पळणाऱ्याचं नाक दाबलं की तो काय पळणार?" असं मामा समजावून सांगायचा. क्लच दाबला किंवा ॲक्सिलरेटरवर परत पाय ठेवला की झडप उघडते. शिवाय समोर एक स्विच असतो. घाट लागला की चालू करायचा, घाट संपला की बंद. आणि झडपेच्या मागे एक छोटा स्क्रू असतो. तो जेवढा आवळाल तेवढी झडप जास्त मिटते, तेवढा ब्रेक कडक.

मामाची स्क्रू आवळायची पद्धत ठरलेली होती. गाडीत वाळूची तीस पोती टाकायची, स्वतः गाडी घाटात न्यायची, पाय उचलत उतरायचं, थांबून स्क्रू थोडा आवळायचा, पुन्हा उतरायचं. मनासारखं झालं की मगच गाडी मालकाच्या ताब्यात. रिकाम्या गाडीवर तो स्क्रूला हातही लावायचा नाही. बरोबरच होतं ते. आमच्याकडे माल फक्त खाली यायचा. वर जाताना गाड्या रिकाम्या, खाली येताना शिगोशीग. वर न्यायचा असतो तो फक्त जेवणाचा डबा. रिकामी पिकअप घाट उतरतेय, हे दृश्य आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

अकरा वर्षांत त्याने साठ-पासष्ट गाड्यांना तो ब्रेक बसवला आणि घाटात एकही माणूस दगावला नाही. लोक त्याच्या पाया पडायला यायचे. तो चिडायचा. "डोक्यावर घेऊ नका त्या ब्रेकला," म्हणायचा. "तो मागच्या दोन चाकांनाच धरतो. पुढच्या चाकांना पत्तासुद्धा नसतो. गाडी भरलेली असली की मागची चाकं रस्ता सोडत नाहीत. नसली की..." आणि पुढचं वाक्य तो हाताने पूर्ण करायचा, पंजा टेबलावरून सर्रकन आडवा फिरवून. म्हणून प्रत्येक गाडीत स्विचच्या खाली तो स्वतःच्या अक्षरात लाल रंगाने लिहायचा, 'उतार संपला, बंद कर'. म्हणजे बघा, त्याला सगळं माहीत होतं. माहीत असून घडलं.

आता माझी मुलगी. मामा तिला साहेब म्हणायचा. "काय साहेब, आज काय हुकूम?" असं. बापाच्या अंगावर गेलेली, हट्टी. चोविसाव्या वर्षी म्हणते कशी, "आई, मी गाडी चालवणार." मी अंगणात बसून रडले, ओरडले, दोन दिवस चूल पेटवली नाही. मामाने एका शब्दाने तिला अडवलं नाही. उलट तिला घाटात घेऊन जायचा, शिकवायचा. वर्षभरात ती अशी तयार झाली, की पहिलवान म्हणाला, "ताई, तुमची पोरगी आमच्या पोटावर पाय देणार." ते ऐकून मला बरंही वाटलं आणि भीतीही.

पण पोरगी विसराळू. दोनदा ती स्विच चालू न करताच घाट उतरून आली. दुसऱ्यांदा तर पायातला ब्रेक इतका तापला होता की जळका वास मला काउंटरवर आला. त्या वासाने माझ्या डोळ्यांसमोर तिचा बाप उभा राहिला. दुधाने तोंड पोळलेली बाई मी. मामाला धारेवर धरलं. "असं काहीतरी कर की तिला विसरताच येणार नाही."

"ताई, स्विच काढू नये," तो म्हणाला. "ब्रेक सोडायची सोय आपल्या हातात पाहिजे."

"ती दिवसभर घाटातच असते. तिला कशाला हवाय स्विच?"

"नको म्हणतोय ना."

"तिचा बाप गेला तेव्हा तू पत्रा कापायला होतास. आता तिच्यासाठी पण कापायचाय का?"

असं मी बोलले. खोटं कशाला सांगू? मग चार दिवस त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. जेवणाचं ताट ठेवायचं आणि निघून जायचं. पाचव्या दिवशी त्याने तिच्या गाडीचा स्विच काढला, दोन्ही वायरी सरळ जोडून टाकल्या आणि भोकावर पत्र्याची चकती ठोकली. पाय उचलला की ब्रेक लागणार म्हणजे लागणारच. वर स्वतःहून स्क्रूला अर्धा फेरा जास्त दिला. साठ-पासष्ट गाड्यांत एवढा कडक ब्रेक कुणाचाच नव्हता. "बास?" त्याने मला विचारलं. "आत्ता कसं!" मी म्हणाले.

त्यानंतर चार महिन्यांनी खाण बंद पडली. सुरुंगांच्या परवानगीचं काहीतरी भिजत घोंगडं होतं. गाड्या उभ्या राहिल्या, ड्रायव्हर चहाच्या टपरीवर बसून माश्या मारायला लागले. माझी पोर कसली बसतेय? माथ्यावर एका मोठ्या विश्रामगृहाचं बांधकाम निघालं होतं, तिथे सिमेंट पोचवायचं काम तिने धरलं. खालून चाळीस पोती भरायची, वर उतरवायची, परत यायचं. आठ दिवस छान गेले. आठही दिवस रस्ता कोरडा ठणठणीत.

नवव्या दिवशी सकाळपासून धुकं होतं आणि बारीक भुरभुर. हंगाम नसताना. मी काउंटरवर शाल घेऊन बसले होते. पहिलवानाने आपली गाडी आणली होती, दिव्याचं काहीतरी काम होतं. काम झालं आणि मामाने गाडी शेडमधून बाहेर काढली. ओटा नुकताच धुतलेला, वरून भुरभुर. गाडी रिकामी. पहिलवान स्विच बंद करायला विसरला होता, म्हाताऱ्या घोड्याला नवी सवय कसली लागणार! ओट्याच्या उतारावर मामाने पाय उचलला आणि गाडीचा मागचा भाग सर्रकन बाजूला सरकून तेलाच्या पिंपावर आपटला. पिंप घरंगळत रस्त्यावर गेलं.

पहिलवान पोट धरून हसला. "मामा, लायसन आहे ना?"

मामाही हसला. मग हसता हसता थांबला. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, साहेब आज काय घेऊन गेली?"

"सिमेंट. रोजचंच की."

"वर?"

"वर नाही तर काय खाली? झोपेत आहेस का?"

"आणि येताना?"

"येताना काय, रिका..."

तो शब्द माझ्या तोंडात अर्धाच राहिला. मामा गाडीतून उतरला कसला, जवळजवळ पडलाच. त्याचा चेहरा पांढराफटक. मी फोन लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' पुन्हा लावला. तीच मेली बाई, तेच वाक्य, त्याच थंड आवाजात. मग बांधकामावरच्या मुकादमाला लावला. तो म्हणाला, "ती? निघाली की. दहा मिनिटं झाली. रिकामी करून लगेच निघाली, म्हणाली पाऊस वाढायच्या आत खाली जाते."

मामाने स्कूटर काढली. "तू थांब," म्हणाला. थांब म्हणे! मी त्याच्या मागे बसले सुद्धा.

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. धुक्यात चार हात पुढचं दिसत नव्हतं. स्कूटर चढावर रडत होती, मी एका हाताने त्याचा खांदा धरलेला, दुसऱ्या हाताने फोन कानाला. प्रत्येक वळणावर मी खाली दरीकडे बघायचे, तुटलेला कठडा दिसतोय का. देवाला काय काय बोलले ते मलाच ठाऊक. तू माझा नवरा घेतलास, आता हिला हात लावलास तर याद राख, इथपर्यंत बोलले.

"क्लच दाब म्हणून सांगायचंय फक्त," मामा ओरडत होता. माझ्याशी नाही, समोरच्या धुक्याशी. "गाडी सरकली की क्लच दाब. ब्रेक सुटेल. एवढंच. एवढंच सांगायचंय."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"भरलेल्या गाडीला लागत नाही ते! सगळे भरूनच येतात, माझ्या डोक्यातच आलं नाही. स्विच असता तर तिने बंद केला असता. स्विच काढलाय ना आपण!"

"आपण नाही," मी त्याच्या पाठीत बुक्की मारून म्हणाले, "तू! तू काढलास!"

त्याने मान खाली घातली आणि स्कूटर आणखी पिळली.

सातव्या वळणाच्या अलीकडे रस्ता जरा रुंद आहे, डोंगराच्या बाजूला दगडी भिंत आहे. तिथे वरून इंजिनाचा आवाज आला. मामाने स्कूटर थांबवली, बंद केली आणि कान दिले. मी उतरून रस्त्याच्या मध्ये जायला निघाले, तर त्याने माझी बाही धरली.

"थांब. ऐक."

"काय ऐकू? ती येतेय!"

"आवाज ऐक, ताई. एकसारखा येतोय. झडप मिटली की इंजिन घोगरं होतं, तसं होत नाहीये. ती पाय उचलतच नाहीये." त्याचे डोळे भरून आले होते. "ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून, लहान गिअरमध्ये, दुसऱ्या पायाने ब्रेक हळू हळू दाबत येतेय. तिला कळलंय. तिचं तिलाच कळलं! अशीच येऊ दे. सात वळणं अशीच आली आहे, उरलेलीही येईल."

"मग थांबवूया तिला."

"नाही! आपल्याला इथे बघितलं की दचकून पाय उचलेल. पाय उचलला की संपलं. भिंतीमागे चल. दिसू नकोस. जाऊ दे तिला."

त्याने मला भिंतीच्या आडोशाला ओढलं. मला सगळं कळलं होतं. शब्दन् शब्द कळला होता. कुणी म्हणू नये की बाईला गाडीतलं काय कळतं. अकरा वर्षं काउंटरवर बसून मला त्या ब्रेकचं सगळं कळत होतं. पण धुक्यातून ते दोन पिवळे दिवे आले, काचेमागे तिचा एवढासा चेहरा दिसला आणि माझं डोकं जागेवर राहिलं नाही. मूल समोरून मरणाच्या वाटेने येतंय आणि आईने भिंतीमागे लपून बसायचं? मी हिसका दिला. बाहीची शिवण फाटली. दोन्ही हात वर करून मी रस्त्याच्या मध्ये धावले आणि ओरडले, "थांब! थांब!"

तिने पाय उचलला.

आधी तो घोगरा आवाज आला. मग गाडीचा मागचा भाग शांतपणे, अगदी शांतपणे बाजूला यायला लागला. मामाने मला मागून खेचलं म्हणून मी वाचले. गाडी माझ्या समोरून आडवी गेली आणि दगडी भिंतीवर आदळली. दरीकडे नाही गेली, डोंगराकडे गेली, देवाने केलं ते एवढंच. ती बसली होती नेमकी ती बाजू चेपली. मामा धावला. पुन्हा एकदा त्याने आपल्या हाताने पत्रा उचकटला, या वेळी गाडीच्याच जॅकच्या दांड्याने, आणि मी मागे नुसती हात वर करून उभी, कारण ते खाली घ्यायचं मला सुचलंच नाही.

पोर वाचली. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

चौथ्या दिवशी तिला नीट शुद्ध आली. खोलीत तीन खाटा होत्या, मधली तिची. मी उशाशी, मामा पायथ्याशी उभा. पायथ्याशी, जिथे चादर एका बाजूला सपाट होती, तिथे बघायचं नाही म्हणून तो खिडकीकडे बघत होता. तिने पाणी मागितलं. मग हळू आवाजात, तुटक तुटक बोलायला लागली.

"आई, मी आणली होती गाडी. पहिल्याच वळणावर मागचं सरकलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं, पाय उचलला की होतंय. मग मी पाय उचललाच नाही. सात वळणं आणली. आणलीच असती खाली. तेवढ्यात कुणीतरी मध्ये आलं. बाई होती बहुतेक. हात वर केलेले. कोण होती गं ती?"

मी मामाकडे पाहिलं. त्याने खिडकीवरची नजर काढली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं.

"कुणी नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "धुक्यात भास होतात. मी तिथेच होतो ना, मला कुणी दिसलं नाही. ब्रेकच घातकी होता. तुझ्या गाडीचा स्विच मी काढला होता, स्क्रूही जास्त आवळला होता. रिकाम्या गाडीला ते चालत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माझी चूक."

तिने तोंड फिरवलं. "याला जायला सांग, आई," म्हणाली.

बाहेर लांबलचक बोळात मी त्याला गाठलं. मला रडू फुटलं होतं. "मी सांगते तिला. आत्ता जाऊन सांगते, मी होते म्हणून. स्विच काढायला मीच लावला म्हणून. सगळं सांगते."

"आणि मग?" तो म्हणाला. "तिला उठवायचं कुणी? न्हाऊ घालायचं कुणी? उद्या त्या पायाकडे पाहून ती रडेल, तेव्हा कुणाच्या कुशीत शिरेल? माझ्या? ताई, मामा नसला तरी पोरीचं अडत नाही. आई लागते."

"पण तू..."

"मी काय, मी गाडीखाली सरकतो," असं म्हणून तो हसायला गेला, ते त्याला जमलं नाही. तोंडावर रुमाल धरून तो जिना उतरला.

आणि मी? मी परत आत जाऊन तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. उद्या सांगेन म्हटलं. ती जरा बरी झाली की सांगेन. टाके निघाले की सांगेन. वाहन खात्याचे अधिकारी आले, त्यांनी गाडी तपासली, काढलेला स्विच आणि जोडलेल्या वायरी कागदावर उतरवून घेतल्या. मामाने खाली सही केली. मी शेजारी उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची माझी सवय नेमकी त्याच दिवशी कुठे गेली कोण जाणे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बाजारात बोभाटा झाला. मामाच्या ब्रेकने सख्ख्या भाचीचा पाय घेतला, मग आपलं काय? जे पाया पडायचे तेच ब्रेक काढून गॅरेजच्या दारात फेकून गेले. मामा हात जोडून सांगत होता, "काढू नका रे. भरलेल्या गाडीला तो हवाच आहे. स्विच ठेवा, ओल्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीला बंद ठेवा, बास." कोण ऐकतंय? मी खरं काय घडलं ते तोंड उघडून सांगितलं असतं, तर ऐकलं असतं त्यांनी. मी काउंटरवर बसून होते. खाण परत सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात पहिलवान भरल्या गाडीने पाचव्या वळणावरून खाली गेला. त्यानेही तो ब्रेक काढून टाकला होता, पायातला तापला. त्याच्या बायकोला भेटायला मी गेले, तिच्यासमोर बसून रडले आणि तशीच उठून आले. त्या माणसाचं मरण माझ्या गप्प बसण्याने ओढवलंय, हे मला पक्कं ठाऊक आहे.

गॅरेज बंद झालं. मामा आता लांबच्या एका बस डेपोत गाड्या धुतो. पान्याला हात लावत नाही. रविवारी दुपारी त्याचा फोन येतो, ती झोपलेली असते तेव्हा. "साहेब चालते का नीट? पाय टोचत नाही ना?" एवढंच विचारतो. मी म्हणते, "तू ये एकदा." तो म्हणतो, "बघू." दोन वर्षं झाली, आमचं बोलणं यापुढे जात नाही.

ती चालते. कृत्रिम पाय लावून, काठी घेऊन. एका कचेरीत फोनवर बसते. घरी मामाचं नाव निघालं की ताटावरून उठते.

काल संध्याकाळी तिला घेऊन मी जिना चढत होते. माझ्या खांद्यावर तिचा हात. मधल्या पायरीवर ती दम खायला थांबली आणि म्हणाली, "आई, त्या माणसाने मला मारलंच होतं. तू होतीस म्हणून मी आज उभी आहे."

"सावकाश," मी म्हणाले, "पुढची पायरी जरा उंच आहे."